खिडकी नसलेली भिंत

"पोरी, तुले आजवर सगळ्यात जोरात कोणी मारलं?"

धानोऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात येऊन मला दहा मिनिटंही झाली नव्हती. पुण्याहून नागपूर, नागपूरहून गडचिरोली, तिथून पुढे एसटी. मे महिन्यातला तो प्रवास करून डोकं नुसतं भणभणत होतं. लॉच्या तिसऱ्या वर्षाची इंटर्नशिप, तीही मानवी हक्कांच्या कामाची, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात आले होते. आणि चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळलेली ही बाई पाणी देण्याआधी मला हे विचारत होती! मी सांगून टाकलं. दहावीच्या सहामाहीत गणितात नापास झाले तेव्हा बाबांनी एक थोबाडीत दिली होती. एकदाच. नंतर स्वतःच रडत बसले होते.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि ऑफिसातल्या सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचलं, "सदर मुलीचे वडील तापट स्वभावाचे असून ते मुलीस अभ्यासावरून वारंवार अमानुष मारहाण करीत..."

मी ताडकन उठले. "अहो, काय लिहिलंय हे! असं मी म्हटलंच नाही! माझे बाबा तसे नाहीत!"

"मंग? तुह्याच भल्यासाठी साजरं करून लिवलं. एक थोबाडीत म्हटलं तं कोण आइकते?" बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "राग आला ना? बेस झालं. हा राग ध्यानात ठेव. उद्यापासून तुले लोकायचं लिवाचं आहे."

ह्या चंद्रकलाबाई मेश्राम. माहेर चिमूरकडचं, लग्न होऊन धानोऱ्याला आलेल्या, आधी अंगणवाडीत आणि मग वीसेक वर्षं ह्या संस्थेत. कायद्याची पदवी नव्हती, पण गोंडी अशी बोलायच्या की पाड्यांवरच्या म्हाताऱ्या त्यांना आपल्यातलीच समजायच्या. दर उन्हाळ्यात येणारे आमच्यासारखे शहरी नग त्यांच्याच हाती सोपवले जायचे. माझ्या आधी आलेल्या एका मुलानं ताडोबाचं विचारलं, तर म्हणाल्या होत्या, "वाघ पायचा असंल तं मोहर्लीले जाय बाप्पा. इथी माणसं पायले भेटते."

जबाब घ्यायची त्यांची एक रीत होती आणि तीत तसूभरही फरक चालत नसे. सांगणाऱ्याचं म्हणणं लिहायचं, मग ते त्याच्याच भाषेत, त्याच्या घरच्यांसमोर वाचून दाखवायचं. तो माणूस मान हलवतो एवढ्यानं भागत नसे. त्यानं तोंडानं म्हणायचं, "असंच आहे." तोवर अंगठा नाही. कोणी एका शब्दाला अडलं की कागद बाद, पुन्हा पहिल्यापासून. मला तर वैतागच यायचा. दिवसभरात एक जबाब व्हायचा, आणि मी ‘मानवी हक्क’ शिकायला आले होते की शुद्धलेखन, असं वाटायचं. मी चांगली वाक्यं घालायला गेले की बाई टपली मारायच्या, "साजरं नोको, तिचं पायजे."

दुसऱ्या आठवड्यात जमनाबाईचं प्रकरण आलं. धानोऱ्यापासून तासाभरावरच्या पाड्यावरची गोंड बाई. तिच्या नवऱ्यानं, मनकूनं, छपरासाठी बांबू तोडले होते. वनखात्याच्या लोकांनी जंगलातल्या एका चौकीवर त्याला नेलं, मारलं, आणि वर सागवान चोरल्याचा गुन्हा लावला. त्याचा उजवा हात मनगटापासून वाकडा झाला होता. बाहेरून एक चौकशी अधिकारी येणार होते, आणि त्यांना मारहाण झाल्याचं पटलं तरच तो खोटा गुन्हा उठणार होता. साक्षीदार एकटी जमनाबाई. नवऱ्यामागे चालत ती चौकीपर्यंत गेली होती आणि मागच्या भिंतीला टेकून बसली होती. ती सांगत होती, बाई मराठीत करत होत्या, मी लिहीत होते. "मी पाह्यलं नाई. भित्तीले कान लावून आइकलं. तो मायले हाका मारून राह्यला होता. त्याची माय कवाच मेली."

मला लिहवेना. तिनं मला आंबील पाजली, घरातलं एकुलतं कोंबडं कापून जेवायला घातलं, आणि मी मनात म्हणत होते, फक्त ‘ऐकलं’? कोर्टात ऐकलेल्याला काय किंमत!

त्याच संध्याकाळी बाईंना सणकून ताप भरला. कागद पक्का करायला दोनच दिवस उरले होते. मी लॅपटॉपवर टाइप करायला बसले आणि माझ्यातली हुशार वकिलीण जागी झाली, मेली! मी लिहिलं, ‘मागील बाजूच्या खिडकीतून मी माझ्या पतीस काठीने मारताना प्रत्यक्ष पाहिले.’ शप्पथ सांगते, मला जराही अपराधी वाटलं नाही. उलट मी तिच्यावर उपकारच करत होते. दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं गेले, पुढे उन्हात चालत पाडा गाठला. गोंडी मला येत नव्हती. "तेच आहे, फक्त नीट टाइप केलंय," एवढं म्हटलं. जमनाबाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अंगठा दिला.

"वाचून दाखवलं ना?" अंथरुणातून बाईंनी विचारलं.

"हो."

चौकशीच्या दिवशी गडचिरोलीला तहसीलच्या हॉलमध्ये पंखा घरघरत होता. जमनाबाई खुर्चीच्या टोकावर बसली होती, मनकू मागे, बाई दुभाषी म्हणून शेजारी. साहेबांनी जबाब मोठ्यानं वाचला. खिडकीचं वाक्य आलं तशा बाई गर्रकन माझ्याकडे वळल्या. ती नजर मला आजही झोपेतून उठवते.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "कुठली खिडकी? मी सकाळीच चौकी पाहून आलो. मागची भिंत सलग आहे. तुम्ही खिडकीतून पाहिलं?"

बाईंनी ते गोंडीत करून जमनाबाईला विचारलं. आता ती सांगेल, मी असं म्हटलंच नाही. पहिल्या दिवशी मी किंचाळले होते तशी किंचाळेल.

जमनाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "हाव. पाह्यलं."

नवऱ्याचा हात गेला, गुन्हा डोक्यावर, आणि ही बाई खोटं बोलली. माझ्यासाठी! नंतर बाईंनी मला ते समजावलं. "तू तिच्या घरी जेवली. घरच्या पाव्हणीले ते चारचौघांत खोटी पाडत नाई. मेली तरी नाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणजे संपलंच. तेवढ्यात चंद्रकलाबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, ते खिडकी जमनाची नोय. ते मी लिवली. तिले वाचून नाई दाखवली. तिनं आइकलं म्हणून सांगतलं होतं, मी पाह्यलं म्हणून लिवलं. खोटं माह्यं आहे, तिचं नाई. तिचा जबाब पुन्हा घ्या."

हॉलमध्ये कुजबूज उठली. ज्या बाईच्या कागदावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवायचे, ती म्हणते आपण जबाबात भर घातली! मी उठायला हवं होतं. तीन पावलांवर तर बसले होते. मी नाही उठले. लाज वाटते सांगायला, पण हे वाक्य मला साजरं करायचं नाही. मी घाबरले आणि बसून राहिले.

जबाब पुन्हा झाला, ‘ऐकलं’ एवढाच. पण साहेबांच्या मनात किडा शिरला तो शिरलाच. गुन्हा उठला, पण दोन वर्षांनी, आणि ती दोन वर्षं मनकू तो वाकडा हात घेऊन तारखांना जात राहिला. बाईंना चौकशीत बसायची मनाई झाली. संस्थेनंही जबाब घ्यायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं.

परतताना एसटीत मी रडत विचारलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुह्यं नाव घेतलं असतं तं म्हणले असते, शहरातल्या पोरीनं शिकवून आणली. मंग जमनाचं खरंही खोटं झालं असतं. माह्यं नाव इथलं आहे, एवढं तं पेलंल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कागद माह्या जिम्मेचा होता, माह्यं मी सांगून टाकलं. तुह्यं तू सांग. कवा सांगाचं ते तू पाय."

प्रमाणपत्रावर त्यांनीच सही केली. मी ते फाइलला लावलं, वकील झाले, मुलाखतीत धानोऱ्याचा अनुभव रंगवून सांगितला. खिडकीचं कुठेच बोलले नाही. बाईंचा फोन यायचा. जेवली का, केस कशी आहे, हेच विचारायच्या. ते एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला मी धानोऱ्याला गेले. समाजमंदिरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या, शेजारी बाईंचा फोटो, दोरा गुंडाळलेल्या चष्म्यासकट. पंचशील झालं, मग लोक बोलायला लागले. संस्थेतले एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, "बाईंच्या हातून आयुष्यात एकदाच मोठी चूक झाली. पण ती कबूल करायची हिंमत त्यांच्यात होती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, कुणीतरी मला तीच थोबाडीत मारली.

मी उठले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. खिडकी मी लिहिली, बाई तापानं फणफणल्या होत्या, वाचून दाखवलं म्हणून मी त्यांच्याशी खोटं बोलले, आणि त्या दिवशी हॉलमध्ये मी बसून राहिले, हे सांगितलं. ते गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले.

पुढच्या सतरंजीवर जमनाबाई बसली होती. केस पांढरे झालेले, शेजारी मनकू. खिडकी कोणाची, हे तिला तर चौकशीच्या दिवसापासूनच ठाऊक होतं. अंगठा तिचाच होता. इतकी वर्षं तिनं पाड्यावरच्या एका माणसाजवळही माझं नाव काढलं नव्हतं.

"पुन्हा सांग," ती आता मोडक्या मराठीत म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ह्या खेपेला हळू, एकेक वाक्य. कुठंच काही घातलं नाही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग बाईंच्या फोटोकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"असंच आहे."