भिंतीला टेकलेली चवड

लाकडांची चवड आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाता कामा नये, असं आमच्या गावाकडे मानतात. फट राहिली की ओल शिरते, आणि ओल नाही शिरली तर फुरसं शिरतं. आमच्या पडवीत पावसाळ्याची बेगमी मीच रचायचो. आठवीत शाळा सुटली, हे काम सुटलं नाही. म्हणून दुबईतल्या अल क्वोजच्या लाकडांच्या यार्डात मला चवड लावायला सांगितली, तेव्हा जिवाला जरा बरं वाटलं. एक तरी गोष्ट आपल्याला येते.

बाकी बरं वाटण्यासारखं काही नव्हतं. मी ज्या साइटवर हेल्पर होतो ती कंपनी बंद पडली होती. व्हिसा रद्द व्हायला टेकला होता आणि बॅग भरून मी खोलीवर बसलो होतो. माझे भावोजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, या यार्डात पिकअप चालवायचे. त्यांनी मला सुपरवायझरसमोर उभं केलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "साब, मेरा साला है. जंगल में ही बड़ा हुआ है. कोई भी लकड़ी फाड़ेगा."

सुपरवायझर मल्याळी, कमी बोलणारा. माझे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "एक महीना देखेगा. काम ठीक, तो वीज़ा इधर. नहीं तो खलास."

त्या खलासवर मी रोज झोपायचो आणि त्याच्यावरच उठायचो. भावोजींचे उपकार होते ते वेगळेच. माझं बिनसलं असतं तर त्यांचा शब्दही पडला असता.

यार्डात ओकचं लाकूड बाहेरदेशाहून कंटेनरने येतं. मोठ्या हॉटेलांत त्याच्या निखाऱ्यावर मांस भाजतात. एरवी ते फोडूनच येतं, त्या वेळी मात्र नुसते राउंड आले. आडवे कापलेले गोल ओंडके, काही तर बैलगाडीच्या चाकाएवढे. यार्डातल्या मशीनच्या जबड्यात ते मावेनात. मग घण, पाचर आणि कुऱ्हाड.

ऐन, किंजळ, काजू, मी सगळं फोडलेलं. त्याच हिशेबाने पहिल्या राउंडच्या बरोबर मधोमध घाव घातला. कुऱ्हाड उडून परत आली. दुसऱ्या घावाला रुतून बसली, निघेना. केबिनच्या काचेमागे सुपरवायझर फोन कानाला लावून उभा होता आणि माझ्याचकडे बघत होता. मानेवरून घाम ओघळत होता, तो उन्हाचा नव्हता.

मशीनवर एक पठाण चाचा होते, पाकिस्तानातल्या स्वातच्या डोंगरातले. त्यांनी मशीन थांबवली, पाचर ठोकून माझी कुऱ्हाड सोडवली आणि म्हणाले, "बेटा, इसको बीच से नहीं, किनारे से खाओ. गरम रोटी कैसे खाते हो?"

मी कडेने सुरुवात केली. सालीकडून एक फळकूट सुटलं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. राउंड लहान लहान होत गेला आणि शेवटी मधला गाभा एका घावात दुभंगला. चाचा मशीनकडे परत गेले. मी मात्र त्या दिवशी त्यांच्या पाण्याच्या बाटलीत स्वतः बर्फ भरून आणला.

आतून ते लाकूड ओलं होतं. पाचर शिरली की कडेने पाणी पाझरायचं, त्याला तुरट वास. त्या पाण्याने आणि लोखंडाने हात काळेनिळे व्हायचे, साबणाने जात नसत. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "तिकडे हिरडे फोडतोस की काय रे?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

फोडलेल्या लाकडांची चवड मी पत्र्याच्या भिंतीला लावली. साल वर, तुकड्याला तुकडा भिडवून. जिथे फट दिसेल तिथे ढलप्या ठोकल्या. डोक्याच्या वर हात पोहोचेपर्यंत चढवली. चाचा एकदा जाता जाता म्हणाले, "इसमें थोड़ी सांस छोड़ो." मी हो म्हटलं आणि होतं तसंच केलं. पावसाचा थेंब न पडणाऱ्या मुलखात मी पावसापासून लाकूड वाचवत होतो, पण हाताला ते कोण सांगणार.

सुपरवायझर बघायला आला. चवडीवर थाप मारून म्हणाला, "अच्छा लगाया. लेकिन दीवार बनाया क्या? खिड़की किधर है?"

सगळे हसले. तो माझ्याशी पहिल्यांदाच गमतीने बोलला होता. त्या रात्री मला शांत झोप लागली.

मे महिना होता. पुढे काही दिवसांनी चवड बोलायला लागली. टक. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक. लाकूड वाळताना तडकतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी स्वतःची समजूत घालत होतो. पण माझा स्वभाव असा की गॅस बंद केला तरी दोनदा बघून येतो, कुलूप लावलं तरी ओढून बघतो. एका दुपारी सगळे सावलीत डबे उघडून बसले होते. माझा पहिला घास हातातच राहिला. टक, टक, लागोपाठ दोनदा. मी उठलो.

चवडीच्या टोकाशी जाऊन भिंतीच्या बाजूने बोट घालून बघितलं. बोट गेलं. मग पंजा गेला. मग मनगटापर्यंत हात आत गेला.

मागे सरकून कडेने बघितलं तर चवडीला पोट आलं होतं. तोंडाकडची बाजू उन्हाने वाळून आकसली होती, भिंतीकडची अजून ओली होती. सगळा भार उन्हाकडे झुकला होता. आणि त्या पोटाखालीच, चवड आणि पिकअप यांच्या मधल्या बोळात, भावोजी पाठ करून उभे होते. हॉटेलची ऑर्डर घाईची, म्हणून जेवायला न बसता गाडीत भरलेल्या मालावर दोरी आवळत होते. दोरीचं मोकळं टोक त्यांच्या मागे चवडीतल्या दोन लाकडांमध्ये अडकलं होतं.

माझ्या मनात आधी काय आलं ते सांगतो. खलास आलं. मग भावोजींनी दोरीला हिसका द्यायला हात वर केला आणि बाकी सगळं पुसलं गेलं.

"भावोजी," मी हळूच म्हटलं, "दोरी ओढू नका. हलू नका."

"का रे? साप?"

"चवड सुटतेय. तुमच्या पाठीशी."

त्यांनी मान वळवली नाही, नुसते डोळे फिरवले. दोरी हातातून अलगद सोडली. "किती?"

"पोट आलंय. माझ्याकडे या, कडेकडेने. गाडीला चिकटून."

भावोजींचं स्वतःचं पोटही काही कमी नव्हतं. "श्वास आत घ्या," मी म्हटलं.

"मघापासून आतच आहे," ते म्हणाले.

ते एक एक पाऊल सरकत होते. शर्टाचं बटण एका लाकडाला घासलं, तेवढ्यानेही वरून भुसा पडला. टक. ते थांबले. मी हात लांब केला होता, पण पोहोचत नव्हता. तोंडातल्या तोंडात मी ग्रामदेवीला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. त्यांचा हात माझ्या हातात आला आणि मी त्यांना अलगद बाहेर घेतलं.

तोवर चाचा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी बघितलं आणि विचारत बसले नाहीत. दोन जाड फळ्या आणल्या आणि बाहेरून, हात लांब करून, चवड आणि पिकअप यांच्यामध्ये आडव्या अडकवल्या. आता गाडीच टेकू झाली होती.

सुपरवायझर केबिनमधून ओरडत आला, "गाड़ी किधर है? होटलवाले का फ़ोन पे फ़ोन..." आणि त्याला दिसलं. त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं.

मी पलीकडच्या बाजूने गाडीतल्या मालावर चढलो आणि वरचा थर काढायला लागलो. एक लाकूड उचलायचं, कान द्यायचा, मगच दुसरं. मी भावोजींना देत होतो, ते चाचांना, चाचा सुपरवायझरला. मध्येच भावोजी म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांगू नकोस. म्हणेल, भावाला कामाला लावला आणि नवऱ्याला पुरला." हसायला मला जमलं नाही, मी पुढचं लाकूड उचललं.

चवड कमरेएवढी झाली तेव्हा चाचांनी फळ्या काढल्या. ती जागेवर राहिली. गाडी निघेपर्यंत उन्हं उतरली होती.

सुपरवायझरने विचारलं, "पहले किसने देखा?"

"इसीने," भावोजी म्हणाले.

मी म्हटलं, "साब, लगाया भी मैंने ही था."

"मालूम है. अच्छा लगाया, वो मैंने ही बोला था." त्याने घड्याळ परत मनगटावर चढवलं. "खाना छोड़ के क्यों आया इधर?"

मी म्हटलं, "डर लगता है, साब. दो-दो बार देखना पड़ता है."

त्याने रांगांकडे हात केला. "तो रोज़ देखो. सुबह आते ही, सब लाइन. बाद में काम. यल्ला, अब फिर से लगाओ. चाचा जैसा बोलेगा, वैसा."

व्हिसाचं तो काही बोलला नाही. संध्याकाळी खोलीकडे जाताना मी पिकअपमध्ये भावोजींना विचारलं, "माझं काय होईल?"

त्यांनी गिअर बदलला. "रोज बघ म्हणाला ना? मग महिना संपल्यावर कोण बघणार, मी?"

व्हिसा झाला. मी अजून त्याच यार्डात आहे. चवड आता भिंतीपासून हातभर सोडून लावतो, टोकांना लाकडं आडवी-उभी घालून, मधे वारा खेळेल अशी. फट सोडताना आजही हात अडखळतो, फुरसं शिरेल असं वाटतं. भावोजी गावी परत गेले, चाचा अजून मशीनवर आहेत. सकाळी गेट उघडलं की मी सगळ्या रांगांमधून फिरतो, प्रत्येक चवडीच्या मागे हात घालून बघतो. कुठे टक झालं की हात तसाच आत राहतो आणि मी दुसऱ्या टकची वाट बघत उभा राहतो. चाचा लांबून ओरडतात, "सो गया क्या?" मग मी पुढच्या रांगेकडे जातो.