भाऊजींचं अल्कोहोल, बंडूचा जेट

एकाच गाडीचे किती किस्से साचावेत! पूर्वी हे सांगताना मीच आधी हसायचे. हल्ली ते हसू शेवटपर्यंत टिकत नाही. तरी सांगते.

गाडी म्हणजे रेसिंगची कार्ट. चार चाकं, एक सीट, फोर-स्ट्रोक इंजिन. चालवायची आमची भाची चित्रा. इंजिन बघायचा तिचा मामा, म्हणजे माझा नवरा बंडू. उज्जैनला देवास गेटपाशी त्याचं गॅरेज आहे. आणि इंजिनात काय भरायचं हे ठरवायचे चित्राचे वडील, आमचे भाऊजी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. ठरवायचे ते. ऐकायचं कुणी?

*

भाऊजी म्हणायचे अल्कोहोल भरा, इंजिन थंड राहतं, ताकद वाढते. बंडू म्हणायचा साधं पंपाचं पेट्रोल, नखरे नकोत.

एकदा भाऊजी म्हणाले, "अरे, उज्जैनमध्ये राहतोस. कालभैरवाला दारू चालते, तुझ्या इंजिनला का चालू नये?"

बंडू पाना पुसत म्हणाला, "भैरवबाबांना लॅप मारायचे नसतात."

*

पंपाच्या पेट्रोलमध्येही आता इथेनॉल असतं, हे दाखवायला भाऊजींनी घरातली लोणच्याची काचेची बरणी घेतली. त्यात पेट्रोल ओतलं, पाणी घालून हलवलं. तळाचा पाण्याचा थर वाढला. म्हणाले, बघ, इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात गेलं. म्हणजे तू रोज अल्कोहोलच भरतोयस!

बंडूने बरणी उजेडात धरून दोनदा बघितली. भाऊजी इतके खूश की शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. माझ्या नणंदेने, नीलाताईंनी, एवढंच विचारलं की बरणी कोण धुणार. त्या वर्षी त्यांच्याकडे लोणचं घातलं गेलं नाही.

*

शेवटी इंदूरच्या रेसला बंडू अल्कोहोलला कबूल झाला, पण जेटवर अडला. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला पितळेचा इवलासा तुकडा, त्याच्या भोकातून इंजिनला इंधन मिळतं. अल्कोहोल पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट लागतं, म्हणून भोक मोठं हवं. भाऊजींनी तसा जेट आणून दिला. बंडूने तो खिशात ठेवला आणि स्वतःच्या अंदाजाचा, जरा लहान भोकाचा बसवला.

चित्रा सगळ्यांच्या पुढे होती. मी स्टॉपवॉच धरून उभी. इंजिन तापलं, फटफटलं आणि बंद पडलं. पोरगी हेल्मेट न काढता तशीच बसून राहिली.

भाऊजी म्हणाले जेटमुळे, बंडू म्हणाला अल्कोहोलमुळे. झालं, बोलणं बंद! बंडू त्यांना भाऊजी म्हणेना, 'ते सर' म्हणायला लागला. चित्राने कार्टवर चादर टाकली. मला म्हणाली, "मामी, हे दोघं परत एकत्र उभे राहिले तरच मी गाडीत बसेन."

*

रविवारी टावर चौकात पोहे खायला दोघंही यायचे आणि पाठीला पाठ लावून बसायचे. एकदा बंडू पोहेवाल्याला मोठ्याने म्हणाला, "भैया, वो सर को जीरावन कम डालना, एसिडिटी होती है."

भाऊजींनी तो तिखट-आंबट मसाला कमी भुरभुरलेले पोहे संपवले. तेव्हाच एकाने मान वळवली असती तर? दोघांनाही वाटत होतं, घाई काय आहे. मला आजही त्याचंच वाईट वाटतं.

*

भाऊजी गेले ते बसल्या जागी. दहाव्याला आम्ही रामघाटावर. पिंड ठेवला, कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, पण एकही खाली येईना. चित्रा म्हणाली, "बाबा, आईला मी सांभाळीन." नाही. नीलाताईंनी हात जोडले. नाही. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा बंडू पुढे झाला. रेसनंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून शब्द निघाला, "भाऊजी." मग म्हणाला, "चित्राच्या गाडीत अल्कोहोल भरू."

एक कावळा खाली उतरला. टुणटुणत पिंडाजवळ आला आणि मान वाकडी करून तिथेच थांबला.

गुरुजी हळूच म्हणाले, "और कुछ रह गया क्या?"

आम्ही सगळे बंडूकडे बघायला लागलो. त्याने बाहीने डोळे पुसले.

"आणि जेटपण तुमचाच."

कावळा शिवला.