मागचा बाक

"भाषा बोलायला तोंड लागतं, चेहरा लागत नाही," मावशी एकदा म्हणाली होती. मामानं तिला डिवचलं होतं, "तिकडची माणसं तुझ्यासारख्या काळ्या बाईकडून इंग्रजी शिकणार होय गं?" मावशी तेव्हा परदेशी जाण्याची बॅग भरत बसली होती. वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली, नवरा गेल्यावर एकटीनं लेक वाढवलेली बाई. मामाला गप्प करणं तिच्या हातचा मळ.

त्या नव्या शहरात तिला चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. खिडकी उघडली की समोर भिंत, हात लांबवला तर लागेल अशी. पहिल्याच आठवड्यात तिनं लेकीसाठी दुसरी खाट आणून ठेवली. गादीवरचं प्लास्टिक मात्र काढलं नाही. ती तिथं एका इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवायला लागली होती; पालकसभा पार पडली की ती नोकरी पक्की होणार होती. मग लेकीला बोलावता येणार होतं, आणि त्याच क्लासमध्ये तिला फुकट शिकता येणार होतं.

वर्गात एक मुलगी तोंडच उघडायची नाही. मावशीनं तिच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरली. "आवाज नीट निघाला की पट्टी हलते. हलव बघू." दीड महिना पट्टी ढिम्म. मग एका दुपारी हलली. त्या दिवशी माझ्या आईला फोन करून मावशी म्हणाली, "ताई, रुजले गं मी इथं."

सभेच्या सकाळी संचालकांनी तिला दारातच गाठलं.

"बाई, आज तुम्ही मागच्या बाकावर बसा."

"का?"

"पालकांना बघायला बरं वाटतं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

फळ्यापाशी क्लासच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता. गोरापान, घारा, अंगात उसना कोट. इंग्रजीच्या नावानं शंख. "वाईट वाटून घेऊ नका, बाई," तो हळूच म्हणाला. "आधीच्या बाईंच्या वेळीही मीच होतो. मला नुसती मान डोलवायची असते."

मावशी मागे जाऊन बसली. मुलं गोंधळतील, वळून बघतील, निदान फिदीफिदी हसतील, असं तिला वाटत होतं.

पालक आत आले. मुलं उठली आणि एका सुरात ड्रायव्हरला म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर." एकही मान वळली नाही. कुणी खूण केली नव्हती. त्यांना हे पाठ होतं.

मग ती मुलगी उभी राहिली. सात ओळी न अडखळता बोलली. तिच्या बापाचे डोळे भरून आले. "कुणी शिकवलं गं तुला एवढं छान?"

मुलीनं ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. पापणीही लवली नाही. दुसऱ्या हातात कागदाची पट्टी होती.

बापानं ड्रायव्हरचे दोन्ही हात हातात घेतले. ड्रायव्हरनं मान डोलावली.

मावशीला राग आला नाही. आई विचारते तेव्हा ती एवढंच सांगते, की त्या मुलीच्या जागी तिला आपली लेक उभी दिसली, तस्संच बोट दाखवत.

वर्ग रिकामा झाला. संचालक हसत आले, हातात नेमणुकीचं पत्र. "छान पार पडलं. नोकरी पक्की. आता बोलवा मुलीला. पोरं इथं सगळं लवकर शिकतात, बघाल तुम्ही."

पंख्याच्या वाऱ्यानं ते पत्र हलत होतं. मावशीनं पर्स खांद्याला अडकवली आणि पत्र न घेताच ती बाहेर पडली.