खुंटीला अडकवलेली माळ

जुन्या जालन्यात माझ्या थोरल्या साडूंइतका टाळला जाणारा माणूस दुसरा नसेल. उभं आयुष्य कापडाच्या ठोक दुकानात मीटरपट्टी धरून काढलेला हा सज्जन गृहस्थ समोरून आला, की ओळखीचे लोक गल्ली बदलतात, आणि गल्ली नसेल तर मोबाइल कानाला लावतात. कारण साडू हालहवाल विचारत नाहीत, विज्ञान विचारतात. दाढीला बसले असताना ‘चंद्राला उजेड कुठून येतो?’ असं विचारून त्यांनी न्हाव्याचा वस्तरा आपल्याच गळ्यावर थांबवला होता. एका बारशात सासू मुलगी झाली म्हणून सुनेला टोचून बोलत होती, तर यांनी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि सांगितलं, “पोरगा का पोरगी ते बापाकडून ठरतं. बोलायचं तर तुमच्या लेकाला बोला.” सून पदराआड हसली. त्या घरचं आमंत्रण मात्र बंद झालं, आणि हळूहळू सगळ्याच घरांचं.

हे वेड त्यांना अक्का गेल्यावर लागलं. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची बहीण. त्यांना कावीळ झाली तेव्हा साडूंनीच परगावाहून गळ्यात घालायची माळ आणली, दोऱ्याच्या गाठींत ओल्या काड्यांचे तुकडे अडकवलेली. माळ लांबते तशी कावीळ उतरते, असं सगळेच म्हणत. साडू रोज सकाळी मीटरपट्टी लावत आणि मला फोन करत, “पाव्हणं, आज चार बोटं वाढली!” माळ बेंबीपर्यंत आली आणि अक्का गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यांनी शाळेची विज्ञानाची पुस्तकं आणली आणि साठीत पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या सुनेचे डोळे पिवळे झाले. तिच्याही गळ्यात माळ आली. दवाखान्यात न्या म्हणून साडूंनी हात जोडले, कोणी ऐकेना. तेव्हा त्यांनी त्याच दिवशी तशीच दुसरी माळ आणून शेजाऱ्यांच्याच ओसरीत खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर दोन्ही मोजल्या. दोन्ही सारख्याच वाढलेल्या.

“काडी वाळली, गाठ सैल पडली, म्हणून माळ लांबली,” साडू म्हणाले. “न्हाई तर मला सांगा, ह्या खुंटीला कधी कावीळ झाल्ती?”

कोणी हसलं नाही.

“मी बी असाच मोजत बसल्तो,” ते म्हणाले, आणि मीटरपट्टी काखेत मारून ओसरी उतरले.

त्याच दुपारी रिक्षा आली. सून वाचली.

ती बरी होऊन घरी आली त्या दिवशी मी साडूंकडेच होतो. तिची सासू तिला घेऊन पेढे द्यायला आली आणि म्हणाली, “माळेचा गुण आला बघा, भाऊ.” आता तासभर व्याख्यान होणार म्हणून मी भिंतीला टेकलो. साडूंनी पेढा घेतला आणि ‘बरं झालं’ एवढंच म्हणाले.

त्या गेल्यावर मी विचारलं, “दादा, तुम्ही बोलला कसे नाहीत?”

“पोरगी आपल्या पायानं चालत आल्ती ना,” ते म्हणाले. “मंग झालं.”

ते चहा ठेवायला उठले. पातेल्यात त्यांनी सवयीनं एकच कप पाणी टाकलं. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि आणखी एक कप ओतला.