बोरी मार्गे परभणी

जिंतूरच्या बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारायचं काम मी करतो. त्या आवाजाचा मला गर्व होता, तो लपवत नाही. उंचीने बेताचा माणूस मी, पण माइक हातात आला की अख्खं स्टँड कान द्यायचं. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळालं आणि आरशात अर्धं तोंड खाली उतरलेलं दिसलं, तेव्हा पहिलं भय जिवाचं वाटलं आणि दुसरं लगेच माइकचं.

परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा मेंदूचा झटका नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या दिल्या. हायसं वाटून ड्यूटीवर गेलो आणि माइक उचलला. ‘जिंतूर’ स्वच्छ निघालं. पुढे मात्र सगळा घोटाळा. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि माझे ओठ मिटत नव्हते. आणि आमच्याकडून सारख्या सुटणाऱ्या गाड्या कुठल्या, तर बोरी मार्गे परभणी! एकेक शब्द ओठातच अडलेला. माइकमधून जे काही बाहेर पडलं ते ऐकून बाकड्यावरचे लोक खिदळले. मी माइक आपटला. साहेबांनी गोड बोलून मला आतल्या टेबलावर बसवलं आणि पुकारायचं काम दुसऱ्याला दिलं. तो नाकात बोलतो. त्याचा मला आजही राग येतो.

गोळ्या संपत आल्या तरी ओठ जागचे हलेनात. बायकोने कुठूनतरी ऐकलं की परभणीत एक डॉक्टरीणबाई सुया टोचून उपचार करतात, ॲक्युपंक्चर म्हणतात त्याला, चीनची विद्या आहे. मी उसळलो. स्टँडवर ड्रायव्हर मंडळींना तर आयता विषय मिळाला. “चायना माल हाय, वारंटी इचारून घ्या!” बायको शांतपणे म्हणाली, “माल कुठला का असंना. तुमी घरात धड कुणाशी बोलंनात. आपुन जाऊ.” जेवताना मी भिंतीकडे तोंड करून बसत होतो, ते तिने बोलून दाखवलं नाही. म्हणून गेलो.

मॅडमनी आधीच सांगून टाकलं, “काका, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. हा आजार पुष्कळांचा आपोआपही ओसरतो. मी फक्त त्याला हातभार लावते.” इतकं सरळ बोलणारं माणूस पाहून माझा निम्मा राग तिथेच उतरला. सुया केसासारख्या बारीक. काही गालावर, एक भुवईपाशी, आणि एक डाव्या हाताला, अंगठ्याच्या बेचक्यात. बायकोला राहवेना. “मॅडम, दुखणं तोंडाला, सुई हाताला? अन् त्यात औषध भरायचं ऱ्हायलं की!” मॅडम हसल्या. म्हणाल्या, सुईत औषध नसतंच. चिनी वैद्य मानतात की या हाताच्या बोटापासून एक वाट निघते, दंडावरून मानेवर चढते, वरच्या ओठापाशी बाजू बदलते आणि पलीकडच्या नाकपुडीशी थांबते. मला ताबडतोब कळलं. गाडी हातावरून सुटते, ओठ मार्गे जाते. वाट खरी की खोटी ते वैद्य जाणोत, रूट समजला की मला बरं वाटतं.

प्रत्येक सुईला त्या विचारत, जड वाटतंय का, मुंग्या येतात का, ठणकतंय का. मी उत्तर दिल्याशिवाय पुढची सुई नाही. बाहेर सगळे “कसं हाय?” विचारायचे आणि माझं वेडंवाकडं बोलणं सुरू झालं की नजर चुकवायचे. इथे कुणीतरी माझं वाक्य संपेपर्यंत थांबत होतं. त्याचं मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

अशा बऱ्याच खेपा झाल्यावर एक दिवस त्यांनी नेहमीसारखं “प म्हणा” म्हटलं आणि ओठ मिटले. ‘प’ निघाला. अगदी अशक्त, पण ‘प’च. बायको पदरात तोंड लपवून हसली, मग रडली. गोळ्यांनी, सुयांनी की नुसत्या दिवसांनी, हे मॅडमही छातीठोक सांगत नाहीत. मी वाटण्या करत बसलो नाही. सगळ्यांचेच उपकार मानले, बायकोचे जरा जास्त.

उन्हाळ्यात माइक परत मिळाला. पहिल्याच दिवशी बोरीची गाडी पुकारून बाहेर आलो, तर डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी खिडकीपाशी उभी. मला न्याहाळून म्हणाली, “तूच व्हय रे पुकारणारा? कुठं गेलता इतके दिस? मला बोर्ड वाचता येत न्हाई. तुझा आवाज आला की उठायचं, येवढंच ठावं. मधी कोण बोलायलता, कळंना गेलं. बसूनच ऱ्हायले, गाडी गेली.”

इतके दिवस मी आवाज माझा समजत होतो. मी तिला हात जोडले.

“मला कशापायी हात जोडायलास?” ती वैतागली. “हीच गाडी ना बोरीची?”

“हीच,” मी म्हणालो, आणि गाठोडं उचलून तिला गाडीत बसवून आलो.