हुडगे सरांची कोरी काच

हुडगे सर प्रयोगशाळेच्या फ्रीजला कुलूप लावत आणि किल्ली करदोड्याला बांधत. रोज सकाळी ते स्वतः फ्रीज उघडत, अंगठ्याएवढी एक कुपी उजेडासमोर धरून बघत, आणि तोवर आम्ही सगळ्या मदतनिसांनी उभं राहायचं. गुलबर्ग्यातल्या आमच्या प्रयोगशाळेचा तो रिवाज होता. कुपीत परदेशाहून मागवलेली मोनोक्लोनल अँटीबॉडी होती. "हिला कुनी हात लावायचं न्हाई," सर म्हणत. त्यांना विज्ञान नको होतं, गाभारा हवा होता. हे माझं मत तेव्हाही होतं, आणि सर वारल्यावरही बदललेलं नाही.

कुपीचं काम सांगते. असली अँटीबॉडी एकच खूण ओळखते, दुसरी नाही. आमची जी ओळखायची ते प्रथिन रोगाशी लढणाऱ्या काही पेशींच्या आवरणात आरपार खोवलेलं असतं. त्याचं एक टोक बाहेर डोकावतं. कातडीचा पातळ काप काचपट्टीवर घेतला की अँटीबॉडी ते टोक पकडते, आणि वरून रंग टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशीभोवती तपकिरी कडं दिसतं. कुष्ठरोग्यांच्या कातडीत अशा पेशी किती, याचा सर शोध घेत होते.

सर भालकीकडचे. सभेत कन्नड, कागदावर इंग्रजी आणि माणसाचा पाणउतारा करायचा असला की घरची मराठी. त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं: "काचेवर न्हाई ते जगात न्हाई." कुणी शंका काढली की हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकत आणि चष्मा पुसायला घेत. बोलणं संपलं.

आता काच खोटी कशी पडते ते ऐका. प्रथिनाचं ते टोक नाजूक असतं. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा कुजू नये म्हणून वापरतात त्या द्रावणात, टाकलं की ते आखडतं, आणि आमच्या अँटीबॉडीला ओळखू येत नाही. म्हणून कातडीचा तुकडा बर्फावर ठेवून त्याच दिवशी आणायचा आणि गोठवायचा. हे मला सरांनीच शिकवलं होतं. पण बर्फ म्हणजे जीप, ऊन, हुमनाबादची धूळ, आणि गावोगावच्या कुष्ठरोग शिबिराला स्वतः जाणं. सर गेले नाहीत. त्यांनी शिबिरात फॉर्मॅलिनच्या बाटल्या पाठवल्या. तुकडे बाटल्यांत पडत, बाटल्या पिशवीत, पिशवी बसच्या कंडक्टरकडे, आणि स्टँडवरून ती मी आणायची. प्रत्येक काच कोरी निघत गेली. सर म्हणाले, "या लोकांच्या अंगात लढनारं कुनीच न्हाई." आपल्या आळसाचा निकाल त्यांनी गरिबांच्या कातडीवर लिहिला.

हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीची काशाक्का गुलबर्ग्याला तपासणीला आली होती; तिचीही काच कोरी निघाली होती. खानावळीत भाकऱ्या थापायची. हातावर चट्टे, दोन बोटं बधिर. सर तिच्या हाताकडे न बघता म्हणाले, "अक्का, तुझ्या अंगात फौजच न्हाई. गोळी एकटी काय लढनार?"

पुढच्या शिबिराच्या वेळी मी तिच्या घरी गेले. गोळ्यांची पाकिटं फळीवर तशीच. बधिर बोटं तव्याला भाजून काळी पडली होती, तिला कळलंही नव्हतं.

"गोळ्या कामून सोडल्यास?"

"सर म्हनले की, एकटी गोळी लढत न्हाई. मग कशाला खाऊ? खाल्ली की नुसती आग व्हतीय पोटात."

सरांचं म्हणणं खरं असतं तरी गोळ्या थांबवायचं कारण नव्हतं. आणि कोऱ्या काचांवरून ते ठरतही नव्हतं. हे दाखवायला मी शस्त्रक्रियेच्या खोलीतून काढलेलं टॉन्सिल मागून आणलं. त्यात या पेशी हमखास असतात. अर्धं बर्फावर ठेवलं, अर्धं फॉर्मॅलिनमध्ये. अँटीबॉडी सरांच्याच हातून घेतली. बर्फावरच्या तुकड्यात कडीच कडी उमटली. फॉर्मॅलिनचा तुकडा कोरा.

दोन्ही काचा सरांपुढे ठेवल्या. त्यांनी त्या एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या.

"हे टॉन्सिल हाय."

"कुपी तीच आहे, सर. काशाक्काच्या काचेला अर्थ नाही. तिला सांगा."

"मी गोळ्या बंद कर म्हटलो न्हाई."

"तुम्ही म्हणालात, गोळी एकटी लढणार नाही. ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. एकदा चला."

"भाकऱ्या थापनारीच्या दारात जाऊन चुकलो म्हनू? तू मोर्च्यात पत्रकं वाटत वाढलीस, मोठ्या मानसाला खाली वढायला तुला मजा यायलीय. मला इथं तोंड दाखवायचंय."

मग त्यांनी कड्यांची काच उचलली, वापरलेल्या काचा धुवायच्या साबणाच्या पाण्यात सोडली आणि चष्मा पुसायला घेतला. बेंगळुरूच्या परिषदेत कोऱ्या काचांवरचा त्यांचा शोधनिबंध टाळ्यांत वाचला गेला.

मी पुन्हा दुबलगुंडीला गेले. काशाक्काला बर्फ सांगितला, फॉर्मॅलिन सांगितलं, सरांची चूक सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा केला.

"तू चांगली हायस बाई," ती म्हणाली. "पर सर मोठे. त्यांनी तोंडानं सांगितलंय. तू काल आलीस."

तिची अजून धड असलेली बोटं मी बघत होते. मी म्हणाले, "सरांनीच पाठवलंय मला. म्हणाले, माझं चुकलं. अक्काला सांग, गोळ्या खा."

"सर म्हनले असं? सोताचं चुकलं म्हनून?"

"व्हय."

ती उठली आणि फळीवरचं पाकीट काढलं. भाजलेली दोन बोटं गेली. बाकीचा हात राहिला. ती अजून भाकऱ्या थापते.

गेल्या पावसाळ्यात सर वारले. शोकसभेत त्यांच्या शिस्तीवर भाषणं झाली, मी मधूनच उठले. काही दिवसांनी दुबलगुंडीला गेले तर काशाक्काला आधीच कळलं होतं. चुलीपुढून उठली आणि पदर डोळ्याला लावला.

"एवढा मोठा डागदर," ती म्हणाली, "पर माझ्यासारखीला चुकलो म्हनून निरोप धाडला. असा मानूस मिळत न्हाई बाई."

मी तिला खरं सांगितलं नाही, सांगणारही नाही. तिच्या गोळ्या अजून चालू आहेत. पण इथे लिहून ठेवते: हुडगे सरांसाठी मनापासून रडलेलं मी हे एकच माणूस बघितलं, आणि ते ज्यासाठी रडलं ते सरांनी कधी केलंच नव्हतं.