माय पडद्याशी बोलायची

“बाई, ही तुमच्या वस्तीतली जयंती नाही. इथे सिनेमा डोक्याने बघतात.”

सिनेमा थांबवून, दिवे लावून क्लब चालवणारे सर बोलले. जळगावातल्या आमच्या कॉलेजचा फिल्म क्लब. मी तिथल्या लायब्ररीत क्लार्क. माझा गुन्हा काय, तर पडद्यावरच्या परदेशी बाईच्या मागून शिपाई आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मांगे देख वं बाई!”

सगळे वळून हसले. सरही हसले.

आमच्या साक्रीकडे सिनेमा असाच बघतात. चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी विहारापुढे पांढरा पडदा लागायचा. बाया खलनायकाला शिव्या घालायच्या, पोरगी सासरी निघाली की बठ्ठ्या, झाडून सगळ्या, रडायच्या. सगळ्यात पुढे माझी माय. दिवसभर कांदे निंदून आलेली, आणि नायिकेला बजावायची, त्याचं ऐकू नको. तिला सिनेमा कळत नाही असं कोण म्हणेल?

मी म्हटलं. मीच.

त्या दिवसानंतर मी शिकले. हनुवटीला हात लावून बसायचं. झोप आली तरी ‘संयत आहे’ म्हणायचं. रडू आलं तर चष्मा पुसायचा. सर एकदा म्हणाले, “बऱ्याच सुधारलात.” सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला.

मग माय जळगावला राहायला आली. तिला थिएटरात नेलं. मागच्या रांगेत क्लबातल्या दोन मॅडम. पडद्यावर सासऱ्याने सुनेला घराबाहेर काढलं तशी माय कडाडली, “तुन्हं वाटोयं होवो रे!”

मी तिच्या मांडीला चिमटा काढला. “गप बस. लोक बघतात.”

ती गप्प झाली. शेवटपर्यंत तोंडात पदर धरून बसली. बाहेर आल्यावर तिने विचारलं, “मन्हं काय चुकनं वं बाई?” मी रिक्षा शोधत राहिले.

आता ती घरी टीव्हीसमोर बसते. विनोद झाला की आधी माझ्या तोंडाकडे बघते, हसू का म्हणून. मी म्हणते, माय, बोल ना काहीतरी. ती म्हणते, “तूच देख. माले समजत नही.” कुणाच्या बापाला न भिणारी बाई. मी तिला एका चिमट्यात गप्प केलं.

परवा क्लबात सिनेमा संपल्यावर सरांनी मला विचारलं, “बोला, काय वाटलं?”

मी उभी राहिले. “कळला नाही. कंटाळा आला. आणि सर, तुम्ही मला लाज शिकवलीत, ती मी घरी नेऊन आईला दिली. आता ती हसत नाही.”

सर हातातले कागद चाळू लागले.

माय पुन्हा बोलेल की नाही, ठाऊक नाही. चिमटा मी काढला, तो सरांच्या नावावर टाकणार नाही. पण आवडलं ते आवडलं म्हणेन, नाही कळलं ते नाही कळलं. शहाणी दिसण्यासाठी एक शब्द खोटा बोलणार नाही. आणि माझ्यासमोर कुणी एखाद्या बाईला गप करायला उठलाच, तर त्याला आधी मला गप करावं लागेल.